भुऱ्या येईना

वडील, म्हणजे आबा, गेल्यावर त्यांच्या कुत्र्याला जळगावला न्यायला भूपेंद्र मुलीला घेऊन सोनगीरला आला होता. "भुऱ्या, इकडे ये! चल लवकर!" हाका मारून मारून त्याचा घसा बसला. बिस्किटं दाखवली, दरडावून झालं, तरी भुऱ्या ओट्यावरून हलेना.

"बहिरं आहे का हे कुत्रं?" वैतागून त्याने हातातला पट्टा जमिनीवर आपटला.

शेजारच्या ताईबाई अक्का हसल्या. "तेले तुनी भाषा कशी समजी, भाऊ? आबाना मायक बलाव."

आबांसारखं बोलवायचं म्हणजे अहिराणीत. पण कॉलेजात मुलं त्याच्या बोलीला हसली, तेव्हापासून भूपेंद्रने अहिराणी तोंडात येऊ दिली नव्हती. स्वतःच्या घरातही नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "आठे ये रे, भुऱ्या."

भुऱ्या उठला, धावत आला आणि त्याच्या पायांशी लोळू लागला. भूपेंद्रने खाली बसून त्याला पोटाशी धरलं.

गाडीजवळ उभी असलेली आठ वर्षांची ईश्वरी हे सगळं बघत होती.


"पप्पा, आबा मलापण सारखं 'आठे ये, आठे ये' म्हणायचे. म्हणजे काय?"