दार उघडण्याआधी

“या पेशंटबद्दल आज तुम्हाला काय वाटतं?” दारानं पुन्हा विचारलं.

“सहानुभूती!” समुपदेशक हेमांगी कडाडली. आवाजातलं खोटं ओळखणारं ते दार ढिम्म हललं नाही. बाहेर धामणकरकाका ताटकळले होते. पण नियमच तसा होता: आधी समुपदेशकानं स्वतःच्या मनात डोकावायचं, मगच पेशंट आत.

“तुला काय वाटतं, मला काय वाटत असेल?” तिनं सवयीनं प्रश्न उलटवला.

“हे तुम्ही पेशंटना विचारता.”

“कंटाळा आलाय मला त्यांचा! बायको गेल्याचं रोज तेच रडगाणं! माझे बाबा गेले, तेव्हा मला कुठे रडायला मिळालं?”

खट्ट. दार उघडलं.

काका उठून उभे राहिले. हेमांगीचे डोळे वाहत होते.

“आज माझ्याकडे नको, काका,” ती म्हणाली आणि तिनं स्वतःच दार लावून घेतलं.