दार उघडेपर्यंत

चार वाजून बारा मिनिटांनी लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत एकटी बाई होती. सहाव्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी तिला सव्वाचारची वेळ दिली होती. पर्समध्ये घटस्फोटाचा अर्ज होता. फक्त सही बाकी होती.

तिने घंटेचं बटण दाबलं. बटणावरच्या स्पीकरच्या जाळीमागे खरखर झाली. मग कोणीतरी दोनदा घसा साफ केला.

"घाबरू नका. मेकॅनिक निघालाय. दार उघडेपर्यंत मी इथेच आहे. तुम्ही फक्त बोलत राहा माझ्याशी."

घसा साफ करण्याची ती तऱ्हा तिने अकरा वर्षं ऐकली होती. तिचा नवराच होता तो. लिफ्ट कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये त्याची नोकरी आहे, एवढं तिला ठाऊक होतं. तिथे नेमकं काय करतो हे त्याने कधी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारणं सोडून दिलं होतं. त्याने मात्र तिला ओळखलं नाही. घरचे निरोप मेसेजवर चालत. फोनवर तिचा आवाज त्याने शेवटचा कधी ऐकला होता, देव जाणे.

तिच्या माहेरी चौघं एकाच वेळी बोलत आणि ऐकत कोणीच नसे. त्या घरातल्या मुलीला हा अबोल माणूस उन्हातून सावलीत आल्यासारखा वाटला. ती त्याच्या गप्प बसण्याच्याच प्रेमात पडली. लग्नानंतर त्याला त्रास नको म्हणून तिनेही बोलणं आवरतं घेतलं. मोठी बहीण विचारी, संसार नवऱ्याशी करतेस की भिंतीशी? ती म्हणे, ताई, स्वभावच आहे तो त्यांचा. दहा वर्षं हे उत्तर तिला पुरलं. अकराव्या वर्षी पुरेना.

आणि आता तोच घुमा बोलत सुटला होता. नाव सांगायचं नसेल तर राहू द्या, म्हणाला. लहानपणी तो एकदा कपाटात अडकला होता. किल्लीवाला येईपर्यंत आईने दाराला टेकून त्याला एका हरवलेल्या म्हशीची गोष्ट सांगितली. ती म्हैस अजून घरी पोचलेली नाही, म्हणाला. बाई खुदकन हसली. त्याच्या बोलण्यावर ती कधी हसली असेल, तर ते तिला आठवत नव्हतं. पंखा बंद होता, पाठ घामाने भिजली होती, आणि मेकॅनिकला आणखी उशीर व्हावा असं तिला वाटत होतं.

"तुमच्या घरी कोण असतं?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"बायको. चांगली आहे हो. पण तिला बोलायची आवड नाही. मग मीही गप्प बसतो."

ती खालीच बसली. अकरा वर्षं दोघं एकमेकांसाठी तोंड मिटून राहिली होती. एवढंच होतं तर. तिने पर्समधून अर्ज काढला, त्याचे चार तुकडे केले, उठली आणि जाळीला तोंड लावून म्हणाली,

"अहो, मी आहे. आणि मला आवडतं बोलायला."

पलीकडे घसा साफ झाला, दोनदा. ती पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. मग खट्ट वाजलं आणि एका मुलीचा तरुण, हसरा आवाज आला.

"नमस्कार मॅडम. आता मी आहे तुमच्यासोबत."

आधीचे कुठे गेले, तिने विचारलं.

"इथेच आहेत, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. कॉल माझ्याकडे दिलाय त्यांनी. असा द्यायचा तर कारण लिहावं लागतं आम्हाला." मुलगी हसू दाबत होती. "लिहिलंय, बोलायला विषय नाही. अहो, बडबड्या म्हणतो आम्ही त्यांना. नऊ वर्षांत पहिल्यांदा विषय संपला त्यांचा. तुम्ही असं बोललात तरी काय?"

चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी मेकॅनिक पोचला. त्याने जिन्यातून ओरडून विचारलं, बाई, तिसऱ्यावर उतरवू की चौथ्यावर? त्याने तीनदा विचारलं. आतून अजून उत्तर आलेलं नाही.