शून्य ते दहा

वेदनेइतका प्रामाणिक साक्षीदार जगात दुसरा नाही. सुधाकर देवस्थळी मात्र केंद्र सरकारातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले होते.

गुरुग्रामच्या हॉस्पिटलात ते हर्नियासाठी टेबलावर आडवे होते. पत्नी मीनाक्षीताई बाहेर बसल्या होत्या. त्यांच्या पित्ताशयात खडे होते आणि ऑपरेशन चार वर्षं टाळलेलं. कापाकापीला त्या भीत नव्हत्या. भुलीचं ते पांढरं औषध शिरेत जाताना हात पेटतो, हे त्यांनी एकदा भोगलं होतं.

"आधी तुम्ही करून या. जळलं नाही म्हणालात, तर मी," त्यांनी बजावलं होतं.

भूल देणाऱ्या डॉ. स्वरूपा पुण्याच्या निघाल्या. सुधाकररावांना तिथेच अर्धी भूल चढली.

"काका, भुलीच्या आधी शीर बधिर करणारं इंजेक्शन द्यावं, असं माझं म्हणणं. मॅनेजमेंट म्हणतं, फरक पडत नाही, बंद करा. म्हणून हा अभ्यास. निम्म्यांना ते इंजेक्शन, निम्म्यांना नुसतं सलाइन. कोणाला काय, ते बंद लिफाफ्यात. मलाही माहीत नाही. तुम्ही फक्त आकडा सांगायचा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य."

"आतापर्यंत कसं चाललंय?"

"सगळे तुमच्यासारखेच सरकारी पेन्शनर. अजून कोणाची तक्रार नाही."

"मग काळजी नको, पोरी. आपल्या माणसाच्या फायलीवर मी कधी प्रतिकूल शेरा मारला नाही."

औषध सुटलं. मनगटापासून कोपरापर्यंत कुणीतरी निखारा ओढत नेला. सुधाकररावांचे डोळे भरून आले.

"आकडा, काका?"

"शून्य," ते म्हणाले, आणि पोरीला पैकीच्या पैकी मार्क दिल्याच्या समाधानात झोपले.

संध्याकाळी मीनाक्षीताईंनी विचारलं, "जळलं?"

"छे. कळलंसुद्धा नाही." त्यांनी हात चादरीखाली घेतला.

"खरं?"

"बिल्कुल."

"बरं. मग घ्या माझी तारीख."

महिन्याभराने लिफाफे उघडले. इंजेक्शनवाल्यांचा आकडा शून्य. सलाइनवाल्यांचाही शून्य, त्यांच्या यादीत सुधाकर देवस्थळी सतरावे होते. फरक आढळला नाही, सबब इंजेक्शन बंद, असं सर्क्युलर सोमवारी निघालं.

मीनाक्षीताईंचं ऑपरेशन मंगळवारी होतं.