सान्यातलं पोतं

"बाळंतीन हाय का आंब्याची आढी?" दगडाबाई दारातच पुटपुटली.

पुटपुटली ती स्वतःशीच, पण खोली एवढीशी की बायडाबाईला ऐकू गेल्याशिवाय कसं राहील. बायडाबाईनं ऐकलंच नाही असं केलं. म्हातारी सुईण आत आल्याबरोबर तिनं दार लोटलं आणि खालच्या फटीत जुन्या लुगड्याचा बोळा पायानं परत सारून दिला.

बाहेर पौषातली सकाळ होती. मिरजगावच्या उघड्या माळावरचं वारं अंगणात येऊन दातखिळी बसवत होतं. आत सुनेच्या बाजेखाली मोठं खापर निखाऱ्यांनी भरलेलं. वर्षभर वाळलेली बाभळ, तीही बाहेर पेटवायची, जाळ बसला की लाल निखारे तेवढे वेचून आत आणायचे. धुराचा मागमूस नाही. असा विस्तव गावात दुसऱ्या कुणाला जमत नाही, असं लोक म्हणतात, हे बायडाबाई स्वतःच सांगायची. लढाईपायी रॉकेल मिळेनासं झालं होतं. मुलगा, आसाराम, त्याच्याच रांगेत उभं राहायला पहाटे कर्जतला गेलेला. भरदिवसा खोलीत उजेड काय तो खापरातला.

खिडकी नव्हतीच. माळवदाला धूर जायला वीतभर सानं होतं, त्यात पोतं कोंबलेलं. मागच्या बाळंतपणाला नुसतं पोतं होतं. यंदा पोत्यावर शेणामातीचं लिंपण.

आज नववा दिवस. तिघींनाही तो ठाऊक होता आणि तिघींपैकी एकीनंही सकाळपासून आकडा तोंडातून काढला नव्हता. पहिलं पोर नवव्या दिवशीच गेलं होतं. वारं लागलं, असं तेव्हा दगडाबाईच आधी म्हणाली. बायडाबाईच्या तोंडाकडं बघून म्हणाली. वाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. मग सगळं गाव तेच म्हणू लागलं, आणि यंदा बायडाबाईनं वाऱ्याला सुईएवढी वाट ठेवली नाही.

मनकर्णा भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिला आई नव्हती. दोन्ही बाळंतपणं सासूनंच केली, तूप-डिंकाला हात न आखडता. डोकं लई जड झालंय, ती म्हणाली, पोटात ढवळतंय. बायडाबाईनं सांगितलं की बाळंतिणीचं डोकं जडच असतं, हलकं असतं ते गावभर हिंडणाऱ्या बायांचं. हे दगडाबाईला होतं. दगडाबाई एरवी सोडती ना. पण ती न्हाणीच्या पाण्यात हात घालून गरम-गार बघत होती. पोर कशी आहे, एवढंच तिनं विचारलं.

"गुनाची हाय," बायडाबाई कौतुकानं म्हणाली. "पहाटंपासून रडली न्हाई."

दगडाबाईचा हात पाण्यातच राहिला.

मग तिनं पोरीला उचललं आणि तळपायाला टिचकी मारली. पोर हलली नाही. दुसरी टिचकी जोरात मारली. पोरीची मान तिच्या दंडावरून ओल्या फडक्यासारखी खाली आली.

दगडाबाईनं तिला पदराखाली घेतलं आणि दाराकडं वळली. बायडाबाई दारात आडवी उभी. वारं लागंल, ती म्हणाली. आज तरी नको, तिनं हात जोडले, उद्या ने, परवा ने, आज नको.

दगडाबाईनं खापराकडं बघितलं. मग वर, सान्याकडं.

"धूर दिसतोय तवर भ्या न्हाई, बायडे," ती हळू म्हणाली. "मानूस खोकत भाईर पळतं. तुज्या इस्तवाला धूरच न्हाई."

आणि जन्मभर बायांना धरून ठेवलेल्या हातानं तिनं बायडाबाईला बाजूला सारलं. दार उघडलं. बोळा घरंगळत अंगणात गेला.

बायडाबाई तिथंच उभी राहिली. आत आलेल्या वाऱ्यानं निखारे फुलले, लालभडक झाले. नजर लागावी इतका देखणा विस्तव.

"आत्याबाई," बाजेवरून मनकर्णानं विचारलं, "पोर कुटं नेली?"

 बायडाबाई वाकली, पदराचा बोळाही न करता खापर दोन्ही हातांनी उचललं आणि अंगणात नेऊन उपडं केलं. परत येऊन बाज ओढत दारापाशी आणली, सुनेसकट. सुनेच्या तोंडावर थेट वारं आलं. तिनं ते अडवलं नाही. मग लुगड्याचा कासोटा खोचून शिडीकडं गेली. मिरच्या वाळत घालायला चढायची तशीच चढली, फक्त दांड्याला हात लावताना भाजलेली बोटं आखडत होती.

मनकर्णा पडल्या पडल्या ऐकत होती. गोठ्यापाशी उन्हात दगडाबाई पोरीची पाठ चोळत होती, तिच्याशी काहीबाही बोलत होती, शिव्या देत होती. बराच वेळ दुसरं काही ऐकू आलं नाही. मग मांजराच्या पिलासारखं एकदा. मग पुन्हा. मग पोरीनं सगळं अंगण डोक्यावर घेतलं.

मनकर्णानं तोंडात पदर कोंबला.

माळवदावर खरवडल्याचा आवाज आला. खोलीत माती पडली, शेणाचे पापुद्रे पडले. पोतं वर ओढलं गेलं आणि उजेडाचा एक खांब खाली उतरला, बाज होती त्या जागी, जमिनीवर खापराची गोल काळी खूण होती तिच्यावर.

सान्यात बायडाबाईचं तोंड आलं. उजेडाच्या आड आल्यानं ते कसं झालंय हे मनकर्णाला दिसत नव्हतं.

"मनकर्णे," ती वरून म्हणाली, "मागल्या खेपंलाबी हे म्याच बुजवलं हुतं."