भरलेलं चित्र

"एवढी जागा कोरीच सोडली यानं," उत्तमराव भिंतीवर टांगलेल्या चित्राकडे बोट करून म्हणाले. "शालिग्राम, हे तेवढं भरून दे बरं."

शालिग्राम चितारी रंगाच्या वाट्या घेऊन बैठकीत उभा होता. उत्तमरावांच्या घरच्या लग्नासाठी भिंती रंगवायला म्हणून त्याला बोलावलं होतं. हे काम त्याला आत आल्यावर कळलं.

चित्र रेशमावर होतं, माणसाच्या उंचीचं, नुसत्या काळ्या शाईचं. खाली एक होडी, होडीत तिळाएवढा म्हातारा. वर डोंगराचं टोक. मध्ये काहीच नाही. पण त्या काहीच नसलेल्या जागेकडे पाहता पाहता शालिग्रामला पाणी दिसायला लागलं, मग पाण्यावरचं धुकं, आणि भर उन्हाळ्यात त्याच्या अंगावर गारवा आला. आयुष्यभर त्यानं भिंती भरल्या होत्या. न भरताही चित्र होतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

ज्यानं हे चित्र दिलं, तो चिनी कापडवाला कोपऱ्यात सतरंजीवर बसला होता. पाठीवर रेशमाचं गाठोडं घेऊन गावोगाव फिरणारा माणूस. रिसोडात तापानं पडला, तेव्हा उत्तमरावांनी त्याला गोठ्याशेजारच्या खोलीत निजू दिलं, पेज दिली. बरा झाल्यावर त्यानं आपल्या बापाच्या हातचं हे चित्र त्यांच्या पायाशी ठेवलं.

"ये खाली काहे को छोड़ा?" शालिग्रामनं त्याला विचारलं.

"बाप पहाड़ में साधू लोग के पास बैठता था," चिनी म्हणाला. "साधू बोलता, सब भर दिया तो देखनेवाला अंदर कैसे जाएगा? इसलिए छोड़ा. तुम अंदर जाओ."

पाहुणे हसले. कापसाचे दलाल हिरालाल चित्राकडे वाकले. "अन् हे कोपऱ्यात कोंबडी चालल्यावानी काय लिवलं?"

"कविता. नदी ने मेरा नाम पूछा. तब तक मैं भूल गया."

"सोताचं नाव भुलला! गांजा लय झाला असन!" हिरालाल इतके हसले की पानाचा लाल ओघळ त्यांच्या हनुवटीवर आला. तो त्यांनी तळहातानं पुसला आणि तोच हात चित्राच्या कडेला लावून रेशीम चाचपलं.

"आपल्याले आपलं नाव याद हाय," उत्तमराव म्हणाले. "तेच लिव. मधोमध, लाल. अन् दोन्ही अंगानं हत्ती काढ, सोंडंत माळा घेतलेले."

"मालक, भिंतीवर म्हणान तितके हत्ती काढतो. हे राहू द्या. नास होईन याचा."

"काहून नास होते? चित्र माहं हाय. तुले जमत नसन तर सांग. मानोऱ्याहून दुसरा बोलावतो. मंग भिंती बी तोच रंगवन."

शालिग्रामनं चिन्याकडे पाहिलं. हा आता उठेल, हात जोडेल, रडेल, काहीतरी करेल. चिनी गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधत होता.

भिंती गेल्या की घरची ज्वारी गेली. निघताना बायकोनं, पंचफुलानं, कणगीत खांद्यापर्यंत हात घालून तळ दाखवला होता.

त्यानं कुंचला बुडवला.

रेशीम भिंतीसारखं नव्हतं. पहिल्याच अक्षराचा लाल रंग धुक्यात फुटला, गळू फुटावं तसा, आणि कडेकडेनं पसरत गेला. मग हत्ती आले, गलेलठ्ठ, काजळ घातलेल्या डोळ्यांचे, दर लग्नात काढायचे तेच. डावीकडच्या हत्तीचा पाय होडीतल्या म्हाताऱ्यावर पडला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

"हां! आता कसं चित्रावानी चित्र दिसून राह्यलं!" उत्तमराव म्हणाले. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

शालिग्रामला त्या माना नकोशा झाल्या, ती बैठक नकोशी झाली. पण सगळ्यात जास्त किळस त्याला स्वतःच्या मनगटाची आली. ते सवयीनं शेवटची सोंड झोकात वळवत होतं.

काम संपवून तो मागच्या विहिरीवर गेला. हात घासू लागला. चिनी लोटा घेऊन आला आणि त्याच्या हातावर पाणी ओतू लागला.

"भाऊ, मले माफ कर," शालिग्राम खाली बघत म्हणाला.

"सूंड अच्छा बना," चिनी म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. "बहुत अच्छा. हाथ में जान है तुम्हारे. मेरा बाप देखता तो पास बिठाता."

शालिग्रामनं मुठी आवळल्या. चिनी पाणी ओततच राहिला.