हुंकार

आर्णीत बादल राठोडचं गूढकथांचं छोटंसं प्रकाशन होतं. नवं काय आलं, काय वाचण्याजोगं आहे, ते तो दर रविवारी फोनवर रेकॉर्ड करून वाचकांना पाठवायचा.

त्या रविवारी तो स्वतःच्या नव्या कथासंग्रहाबद्दल बोलला. थोड्याच वेळात महागावच्या एका वाचकानं फोन केला. "भाऊ, तुमच्यासंग हुंकार कोण देऊन राह्यलं?"

बादलनं रेकॉर्डिंग लावलं. त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर कुणीतरी बाई हळूच "हं" म्हणत होती. बोलताना खोलीत तर तो एकटाच होता.

ऐकता ऐकता त्याची बायको जया पांढरीफटक पडली. "हा तर धानीयाडीचा आवाज हाये! तिले जाऊन महिना झाला ना?"

बादलनं रेकॉर्डिंग बंद केलं. संग्रहातल्या साऱ्या कथा तांड्यावरच्या त्या म्हातारीनं त्याला सांगितलेल्या होत्या. पुस्तकावर तिचं नाव कुठंच नव्हतं.

त्यानं खोलीचं दार लावलं आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "या कथा माझ्या नाहीत. धानीयाडीच्या आहेत. मी त्या स्वतःच्या नावानं छापल्या."

मग त्यानं ते लावून ऐकलं. तिन्ही वाक्यांना हुंकार आला. त्याला जरा हलकं वाटलं. पण रेकॉर्डिंग अजून सुरूच होतं.

"मंग?" बाईनं विचारलं.

शेवटच्या दुखण्यात 'मायं पुस्तक झालं का?' असं विचारायला तिनं माणूस पाठवला होता. पुस्तक तेव्हा छापून घरात पडलेलं होतं. 'अजून नाही,' म्हणून बादलनं त्याला दारातूनच परत धाडलं होतं.

हे जयालाही ठाऊक नव्हतं.