विणेचा पहारा

ताडकळसचं घर विकायला काढून दोन वर्षं झाली, पण या मंदीत गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. जे यायचं त्याच्याशी पुण्याहून येऊन श्रीरामच बोलायचा. वडिलांचं मन नाही हे ठाऊक असल्यानं अप्पारावांना तो तोंडच उघडू द्यायचा नाही. शेवटी एक जण तयार झाला, तोही नेमका सप्त्यात, अप्पाराव मंदिरात वीणा गळ्यात घालून पहाऱ्याला उभे असताना.

श्रीराम धावतच आला. "बापू, गिऱ्हाईक बाहेर गाडीत बसलंय. इसारपावतीवर तेवढी सही करून या. हे गेलं तर दुसरं मिळायचं न्हाई."

"अरे, सप्ता उठेपर्यंत वीणा खाली टेकवायची नसती. दुसऱ्या कुणी गळ्यात घेतल्याबिगर मला हलता येत न्हाई."

"द्या इकडं, मी उभा राहतो."

अप्पारावांनी वीणा लेकाच्या गळ्यात घातली, रिवाजाप्रमाणे विणेकऱ्याच्या पाया पडले आणि सावकाश बाहेर गेले.



गाडीच्या काचेवर टकटक करून, आत ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "पाव्हणं, घर विकायचं न्हाई. आन् लेकाची वाट बघू नका, त्याचा पहारा आत्ताच सुरू झालाय."